सव्वा फुटाची आगगाडी

माणसाला कोणता नाद लागावा हे त्याच्या हाती नसते. कुणाला पत्त्यांचा लागतो, कुणाला भजनाचा, कुणाला जुनी नाणी जमवण्याचा. आणि या साऱ्या नादांना समाजात आपापले एक ठरलेले स्थान असते. पत्ते कुटणाऱ्याला लोक रिकामटेकडा म्हणतात, पण वेडा म्हणत नाहीत. नाणी जमवणाऱ्याला तर इतिहाससंशोधक म्हणण्यापर्यंत मजल जाते. परंतु चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला आणि दिवसभर पोरांना शिस्त शिकवणारा मास्तर रात्री जागून परदेशातल्या दुकानांतून खेळण्यातली आगगाडी मागवतो असे कळले, तर त्याला काय म्हणावे? आमच्या आळीला हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मलाही नाही.

'खेळण्यातली' हा शब्द मी आपला सोयीसाठी वापरला. वास्तविक या गाड्यांच्या खोक्यांवर बहुधा स्पष्ट छापलेले असते, की आतील वस्तू चौदा किंवा पंधरा वर्षांखालील मुलांसाठी नाही. मुलांच्या हाती देऊ नये असे ज्याच्यावरच लिहिले आहे, ते खेळणे कुणासाठी असते? अर्थात त्यांच्या बापांसाठी! आपल्या सरकारलाही हा भेद मान्य असावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानकाची खूण सक्तीची झाली, ती चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरती. त्यापुढच्या मुलांची काळजी करण्याचे सरकारने सोडून दिले आहे आणि ते योग्यच झाले.

या धंद्याचे मूळ पाहू गेले तर ते चक्क भातुकलीत सापडते. जर्मनीत गॉपिंगेन नावाच्या गावी १८५९ साली मेर्कलिन नावाच्या कारागिराने बाहुलीच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याची भांडी करायला सुरुवात केली. भातुकलीच्या धंद्यातली खुबी आपल्याकडच्या कोणत्याही आईला ठाऊक आहे. चूल घेतली की तवा हवा, तवा घेतला की पोळपाट हवा, आणि पोळपाटाशिवाय लाटणे काय कामाचे? मेर्कलिनच्या मुलांनी हीच खुबी आगगाडीला लावली. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी किल्लीवर चालणारी गाडी मांडली आणि तिच्याबरोबर ठराविक मापांचे रूळही मांडले. त्यापूर्वी गाडी एकदा विकली की व्यवहार संपत असे. आता इंजिन घेणाऱ्याला डबे हवेसे झाले; डबे आले की सांधे, सांधे आले की सिग्नल, सिग्नल आला की फलाट, आणि फलाटावर उभे राहायला माणसे. मुलीची हौस लग्नापर्यंत टिकत असेल. मुलाची मात्र पुढे पेन्शनीपर्यंत टिकते, हे त्या चतुर बंधूंनी हेरले होते.

पुढे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बीने १९२० साली आपल्या गाड्या बाजारात आणल्या, अमेरिकेत लायोनेलच्या आल्या, जपानात काटो आणि टोमिक्स यांच्या नखाएवढ्या चाकांच्या गाड्या निघाल्या. आज इंग्रजी नावाच्या गाडीचा कारखाना बहुधा चीनमध्ये असतो, आणि तरीही तिच्या डब्यावर १९३५ सालच्या लंडनच्या कंपनीचे बोधचिन्ह केसाएवढ्या अक्षरांत बिनचूक उतरलेले असते.

या सगळ्याचा माझ्याशी संबंध आला तो संगणकाच्या कृपेने. पूर्वी असली वस्तू पाहायची तर विलायतेहून परतलेल्या एखाद्या डॉक्टरच्या दिवाणखान्यात पाहायची, तीही काचेच्या कपाटात, हात न लावता. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी हयातभराच्या छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले, तेव्हापासून सर्वसामान्यांचीही सोय झाली. आम्ही शाळेची सहल तिथे नेली होती. पोरे गाडीकडे पाहत होती आणि मी त्या गाडीखालच्या रुळांकडे पाहत होतो. त्यानंतर कधीतरी एका रात्री मी घरी संगणकासमोर बसून जर्मनीतल्या एका दुकानाचे दार उघडले.

परदेशी दुकानात घरबसल्या हिंडण्यात एक मोठे सुख आहे. दुकानदार "काय पाहिजे?" म्हणून विचारत नाही. आपल्या चपलांकडे पाहत नाही. तुम्ही एकच इंजिन सतरा वेळा उलटसुलट पाहिले तरी तो जांभई देत नाही. शिवाय या दुकानांची एक स्वतंत्र भाषा आहे आणि ती वाचण्यात कथा-कादंबरी वाचल्याचा आनंद मिळतो. नव्या मालाचे वर्णन थोडक्यात असते. खरे वाङ्मय वापरलेल्या मालाच्या वर्णनात. 'खोके किंचित दबलेले.' 'धावते, पण आवाज करते.' 'एक पायरी निखळलेली.' 'पूर्वीच्या मालकाने हाताने रंगवलेले.' या चार ओळींवरून मी त्या पूर्वीच्या मालकाचे सारे आयुष्य रचू लागतो. तो म्हातारा असेल. त्याच्या मागे त्याच्या मुलाने तळघर रिकामे केले असेल, आणि ज्या इंजिनाची पायरी निखळली म्हणून बापाने रात्रभर हळहळ केली, ते त्याने वजनावर विकले असेल.

दुकानेसुद्धा म्हातारी होतात. लिव्हरपूलला १९४६ साली निघालेले हॅटन्सचे दुकान या हौशी लोकांत जगभर ठाऊक होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले. मी तिथून दमडीची वस्तू घेतली नव्हती; पण बातमी वाचून, रोज ज्या रस्त्याने जावे तिथला एखादा ओटा पाडलेला दिसावा, तसे झाले.

नवा माल घ्यायचा तर आणखी गंमत. कारखाना आज जाहीर करतो की अमुक इंजिन आम्ही काढणार. लोक आपापली नावे नोंदवतात. मग वर्ष जाते, कधी दोन जातात. आमच्या वडिलांच्या पिढीने स्कूटरसाठी नंबर लावून असेच दिवस काढले; ते सांगत, नंबर लागला तेव्हा मागे बसणारे दोन होते आणि स्कूटर आली तेव्हा चार झाले. मला वाटले होते, ही वाट पाहण्याची विद्या आपल्याकडून नाहीशी झाली. ती नाहीशी झालेली नाही. श्रीमंत देशांतले लोक ती आता हौसेने शिकत आहेत.

असे पाहता पाहता घ्यायची वेळ आली, आणि माझ्यापुढे मापाचा प्रश्न उभा राहिला. इथे थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी घाबरू नये. माझे स्वतःचे गणित मॅट्रिकपुरतेच आहे.

जगात सर्वांत अधिक चालणारे माप म्हणजे सत्याऐंशीपट लहान केलेली गाडी. युरोपातल्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, साडेसोळा येतात. म्हणून दुकानातले रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. इंग्रजांनी यात आपला हेका चालवलाच. त्यांची खरी इंजिने युरोपातल्यांपेक्षा अंगाने बारीक. सत्याऐंशीपट लहान केली तर त्या काळची विजेची मोटार पोटात मावेना. तेव्हा त्यांनी रूळ तेच ठेवले आणि गाडी मात्र एका फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने थोडी मोठी केली. परिणामी गाडी अंगाने सुटलेली आणि रूळ तिच्या मानाने अरुंद. चार फूट साडेआठ इंच असायचे, ते चार फूट दीड इंचच भरतात. लग्नानंतर पुरुष जुनी विजार घालून हिंडतात, तसा हा प्रकार आहे. गेली ऐंशीहून अधिक वर्षे इंग्रज तो आनंदाने सहन करीत आहेत.

आता आपली गाडी घ्या. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे सव्वाएकोणीस. दुकानातल्या साडेसोळाच्या रुळांवर आपली डेक्कन क्वीन न्याय्य मापाने उभीच राहू शकत नाही. जगातल्या दुकानांतून टिरोलचे डोंगर मिळतात, टोकियोची उपनगरे मिळतात. पण मनमाड आणि दौंड मिळत नाहीत. हे मला अपेक्षितच होते. तरी मी सहज, चाळा म्हणून, आणखी एक भागाकार केला. ७६२ भागिले ८७. उत्तर आले ८.७६. आणि दुकानात नऊ मिलिमीटरचे रूळ होते!

७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट. अडीच फुटी गाडी म्हणजे बार्शी लाइट.

सोलापूर, पंढरपूर, लातूर भागातल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ही रेल्वे १८९७ साली सुरू केली. आधी तो जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. त्याचे म्हणणे असे, की लहान गाडीच्या प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ दिला नाही, तर हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल आणि माणसे नेता येतील. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात झाली. हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी कॅल्थ्रॉपने लीड्सजवळच न्यूले इथे रूळ टाकून गाडी चालवून दाखवली. पुढे ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तिचे अरुंद रूळ टप्प्याटप्प्याने उखडले गेले आणि तिथे मोठी गाडी आली. मोठी गाडी वेगाने जाते, वेळेवर जाते, तिच्यामुळे लातूरचा माणूस रात्री निजून सकाळी मुंबईत उठतो. तिच्याबद्दल कुरकुर करणे हा कृतघ्नपणा होईल. पण कुरकुर न करताही एखाद्याची आठवण काढता येतेच की!

बार्शी लाइटची प्रतिमा कुठल्याच दुकानात नव्हती. होती ती तिची दूरची बहीण. ऑस्ट्रियात टिरोल प्रांतात जेनबाखपासून मायरहोफेनपर्यंत झिलर नदीच्या खोऱ्यातून एक लहान गाडी जाते. तिच्या रुळांमधले अंतर ७६० मिलिमीटर. आमच्या गाडीहून दोन मिलिमीटर कमी. सत्याऐंशीपट लहान केल्यावर हा फरक केसाहूनही बारीक उरतो. तिचे इंजिन, दोन डबे आणि वर्तुळापुरते रूळ यांची किंमत दोनशे अडतीस युरो होती. परदेशी गिऱ्हाइकाला जर्मनीतला एकोणीस टक्के कर वजा होतो, म्हणून दोनशे. वर तीस टपालाचे. २०२३ सालच्या उन्हाळ्यात युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वीस हजार सातशे.

एवढा पैसा मास्तराकडे कुठून आला, असे कुणी विचारील. त्याच सुमारास माझ्या एका कादंबरीचे मानधन आले होते. ते घरात सर्वांनी मनातल्या मनात आधीच खर्च करून टाकले होते; पत्नीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर, थोरल्याने फोनवर. मी माझा बेत सांगितला तेव्हा घरात पाच मिनिटे कुणी बोलले नाही. मग पत्नी म्हणाली, "अहो, ती कादंबरी लिहायला तुम्हाला तीन वर्षं लागली. गाडी चालेल किती दिवस, ते तरी विचारून घ्या."

हा होकार होता. निदान मी तो तसा घेतला.

पत्ता लिहिताना पहिली अडचण आली. त्या जर्मन दुकानाच्या कागदावर रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांक एवढ्यालाच जागा. 'जुन्या मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी' हे कुठे लिहायचे? मी ते रस्त्याच्या नावाच्या जागी लिहिले. दुकानातून दुसऱ्या दिवशी नम्र पत्र आले, की आपल्या रस्त्याचे नाव फार लांब आहे, ते बरोबर आहे ना? मी कळवले, बरोबर आहे. त्यानंतर पुडक्याचा प्रवास रोज पाहणे हा आम्हा सर्वांचा उद्योग झाला. एके दिवशी पुडके लाइपझिगला पोचल्याचे दिसले. अठरा वर्षे कमी, दीडशेच म्हणा ना, एवढ्या काळामागे ज्या गावी ही सारी भानगड सुरू झाली, त्याच गावाहून ते निघाले होते!

मुंबईत ते अडकले. जकातीचा हा भाग सर्वांना ठाऊक असावा म्हणून सांगतो. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झाली, २०२३ मध्ये सत्तर झाली. देशातल्या खेळणी करणाऱ्यांना हात मिळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो वाईट आहे असे कोण म्हणेल? स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू मागवली तर हिशेब निराळा होतो. पण निराळा म्हणजे हलका नव्हे. जकात नुसत्या वस्तूवर नसते, टपालखर्च धरून होते, आणि जकात धरलेल्या रकमेवर पुन्हा कर बसतो. नातेवाइकाने भेट म्हणून पाठवले आहे असे लिहून सुटण्याची जुनी वाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्यातून दोनच गोष्टींना सूट राहिली: जीव वाचवणारी औषधे आणि राखी. हा नियम करणारा अधिकारी कुणीही असो, त्याला बहीण असावी. माझ्या गाडीला मात्र भाऊ-बहीण कुणी नव्हते. किमतीच्या पाऊणपटीहून किंचित अधिक रक्कम भरून मी तिला सोडवून आणली. सारा आकडा छत्तीस हजारांवर गेला. पत्नीने शिंपिणीची टेप आणून इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडी मोजली. सव्वा फूट भरली. तिने मनात भागाकार केला आणि म्हणाली, "इंचाला अडीच हजार. पैठणीसुद्धा एवढी महाग नसते हो."

एका डब्याची आकडी खोक्यातून निघालीच नाही. दुकानदाराला कळवले, तेव्हा त्याने ती साध्या लिफाफ्यात घालून, वर पक्ष्याचे चित्र असलेले तिकीट लावून पाठवली. नखाएवढी वस्तू सात हजार किलोमीटरांवरून तीन आठवड्यांनी आली. वीज आपल्याकडे आणि जर्मनीत सारखीच, २३० व्होल्टची, त्यामुळे ती काळजी नव्हती. जपानी गाडी घेतली असती तर शंभर व्होल्टचा निराळा संसार मांडावा लागला असता. पिना तेवढ्या आपल्या भोकांत सैल बसल्या. त्या कागदाची घडी घालून घट्ट केल्या.

गाडी चालू झाली. पहिल्या संध्याकाळी सारी आळी लोटली होती. शाळेत मी गुणोत्तर आणि प्रमाण या धड्याला ती घेऊन गेलो, आणि जे गणित वर्षभर फळ्यावर नीट उतरत नव्हते ते सहावीच्या पोरांनी पंधरा मिनिटांत केले. साडेपाच फुटांचा माणूस सत्याऐंशीपट लहान केला तर केवढा? एकोणीस मिलिमीटर. शाळेचा घंटेचा खांब केवढा? हेडमास्तर केवढे? हेडमास्तरांचे उत्तर मी फळ्यावर लिहू दिले नाही.

आई मात्र पहिल्या दिवशी पाहायला आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजलेले असताना ती येऊन बसली. म्हणाली, "चालव." मी चालवली. गाडी चार फेऱ्या फिरली. आई १९७४ साली लग्न होऊन याच, म्हणजे खऱ्या, अडीच फुटी गाडीने बार्शीहून कुर्डुवाडीला आली होती. खिडकीशी बसली असताना इंजिनाची एक ठिणगी उडून तिच्या शालूच्या पदराला भोक पडले. सासरी पाऊल टाकताना ते भोक कुणाला दिसू नये म्हणून तिने पदर मुठीत धरून ठेवला आणि सासूला वाटले, सून फारच लाजाळू आहे. हे आम्ही शंभरदा ऐकले आहे. शालू अजून ट्रंकेत आहे.

चार फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "ह्यानं कुणाचं लुगडं जळायचं नाही." मग थोड्या वेळाने, "कुर्डुवाडी कुठाय ह्यात?"

मी म्हटले, "आई, ही ऑस्ट्रियाची गाडी आहे. हिच्यात कुर्डुवाडी नसते."

"मग ती जाते कुठं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. छत्तीस हजारांची गाडी गोल फिरत होती आणि कुठेच जात नव्हती.

त्या दिवसापासून मी पुठ्ठ्याची कुर्डुवाडी बांधायला घेतली. या कामाला परदेशातले कोणतेही दुकान उपयोगी नव्हते. माझ्या लहानपणी मी पाहिली ती डिझेल इंजिनाची गाडी. आईचे स्टेशन त्याच्याही आधीचे. छायाचित्रे मिळाली ती दोन-तीन, आणि त्यांत माणसांच्या गर्दीत स्टेशन दिसेना. आषाढीच्या दिवसांतली छायाचित्रे ती. टपावर माणसे, दारात माणसे. तेव्हा नकाशा उरला तो एकच, आणि तो आईच्या डोक्यात होता. तोही रोज बदले. सोमवारी पाण्याचा नळ फलाटाच्या डाव्या अंगाला असे, बुधवारी उजव्या. चहावाल्याचा गाडा कधी असे, कधी नसे. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही: लिंबाचे झाड. त्याच्याखाली सासरची माणसे बैलगाडी घेऊन थांबली होती.

मी झाड केले ते मापाने केले. मोठा लिंब चाळीस फूट धरला. भागिले ८७, म्हणजे चौदा सेंटिमीटर. आईने पाहिले आणि मान हलवली. "एवढंसं नव्हतं ते." मी मोठे केले. "अजून." माझे सारे गणित हट्ट धरून बसले होते. या छंदात एक जात असते, तिला खिळे मोजणारे म्हणतात. खऱ्या इंजिनाला किती खिळे आणि छोट्याला किती, हे ते भिंग लावून मोजतात. मी त्या जातीत जाण्याच्या बेतात होतो. त्याच सुमारास दिवाळी आली आणि आमच्या धाकटीने अंगणात किल्ला केला. दगड, माती, पोते, वर अळीव पेरलेले. तटावर मातीचे मावळे. आणि सिंहासनावर महाराज, दरवाजापेक्षा मोठे. मी नेहमीच्या मास्तरी सवयीने म्हटले, "अगं, महाराज या दरवाजातून आत कसे जाणार?" ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "बाबा, ते महाराज आहेत."

महाराष्ट्रातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या हे किल्ले करीत आली आहेत आणि त्यांना कुणी माप शिकवलेले नाही. जो मोठा, तो मोठा करायचा, एवढे एकच प्रमाण त्यांना ठाऊक आहे. जर्मन कारागीर खिळे मोजतो तेही खोटे नाही. त्याच्या मोजणीमुळेच तर मला बार्शीची गाडी टिरोलच्या डब्यांत ओळखू आली. पण लिंबाच्या झाडाला ८७ ने भागणे मी त्या दिवशी थांबवले. आता ते स्टेशनापेक्षा दीडपट उंच आहे, आणि आईचे समाधान झाले आहे.

कधी कधी मला वाटते, या सगळ्यात नवे ते काय? १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तिची इंजिने लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीने केलेली, जहाजातून आलेली. कॅल्थ्रॉपची गाडी लीड्सहून आली. या देशाने पहिल्यापासून आगगाड्या समुद्रापलीकडून मागवल्या, त्यांच्यावर भले दाम मोजले, आणि मग आषाढीला त्यांच्या टपावर बसून ग्यानबा-तुकारामचा गजर करीत त्या अशा काही आपल्या करून टाकल्या, की मूळ मालकाला त्या ओळखू येऊ नयेत.

आमच्या गाडीचेही तेच चालले आहे. या मापाची माणसे जर्मनीतून मिळतात. पण ती टोप्या घातलेली, हातात कातडी बॅगा घेतलेली, कुणी बर्फावर घसरायच्या पट्ट्या खांद्यावर टाकलेली. सुदैवाने त्यांतली काही बिनरंगाचीही मिळतात. गेल्या आषाढीपासून धाकटी आणि आई दोघी भिंग घेऊन बसतात. धाकटी त्यांना पांढरी धोतरे आणि भगव्या पताका रंगवते. आई कणकेच्या तुळशी करून बायांच्या डोक्यावर ठेवते. जिथे जर्मन प्रवाशाच्या हातात बॅग होती तिथे आता गाठोडे आहे. एका बाईचा पदर लाल रंगवलेला आहे, आणि तिने तो मुठीत धरलेला आहे. ती लिंबाखाली उभी आहे, गाडीत नाही. तिला कुठे जायचे नाही, ती आलेली आहे.

आतापर्यंत सव्वीस वारकरी झाले. डबे दोनच असल्यामुळे आत जागा उरलेली नाही. पत्नीने परवा विचारले, आता आणखी एक डबा मागवणार का? मी म्हटले, नाही. आपल्याकडची गाडी आहे. टप मोकळा आहे.